ठाण्याहून तानसाच्या जंगलात स्वतःच्या गाडीने: कसं जायचं, कुठे थांबायचं, काय बघायचं

जंगल बघायचं म्हटलं की ठाण्यातल्या माणसाच्या डोळ्यासमोर एकदम ताडोबा येतं, मग तिकडचं सफारीचं बुकिंग, ट्रेनची तिकिटं, चार दिवसांची सुट्टी, मुलांच्या परीक्षा, आणि हे सगळं काही जुळत नाही म्हणून वर्षानुवर्षं जाणंच होत नाही. आणि इकडे आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्याच्या बाजूला तानसा अभयारण्य आहे, सुमारे ३२० चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या जवळजवळ तिप्पट, त्यातून गावांना जाणारा डांबरी रस्ता आहे आणि आपली साधी छोटी गाडी त्यावरून आरामात जाते. आम्ही मानपाड्याला राहतो, गेली सहा-सात वर्षं दर उन्हाळ्यात दोन-तीनदा तरी तिकडे जातो, आणि बिल्डिंगमधल्या, ऑफिसमधल्या इतक्या जणांनी विचारलं की म्हटलं आता एकदाच सगळं नीट लिहून काढते.

पहिल्यांदा हे सांगते की इथे वाघ बघायला जायचं नाही. बिबट्या आहे, तरस आहे, पण ते दिसले तर नशीब. दिसतात ते भेकर, रानडुक्कर, ससे, वानरं, आणि पक्षी तर इतके की वही पुरत नाही. पण ते दिसायला एक गोष्ट शिकावी लागते आणि ती म्हणजे गाडी थांबवणं. गाडी फिरायला कमी आणि लपायला जास्त वापरायची. प्राणी माणसाला दोन पायांवर बघितलं की पळतात, पण रस्त्याच्या कडेला गप्प उभ्या असलेल्या गाडीला थोड्या वेळाने दगडासारखं धरून चालतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा चाळीसच्या स्पीडने सगळा रस्ता पार केला, धरण लांबून बघितलं, डबा खाल्ला आणि परत आलो, दिसली फक्त माकडं आणि आमच्याच मागची धूळ. दुसऱ्या खेपेला सोबत बाजूच्या बिल्डिंगमधले एक काका होते, पन्नास वर्षं पक्षी बघितलेले, ते दर दहा मिनिटांनी फक्त एवढंच म्हणायचे, "आता बंद कर बघू." त्या दिवशी आम्हाला सत्तावीस जातींचे पक्षी दिसले आणि दोन भेकरं. रस्ता तोच, गाडी तीच.

कधी जायचं? फेब्रुवारी ते मे, आणि माझं मत विचाराल तर मार्चचे पहिले पंधरा दिवस. पावसाळ्यात तिकडे सगळं हिरवंगार आणि खूप सुंदर असतं हे खरं, पण गवत आणि पानं इतकी दाट की दहा फुटांवरचं जनावर दिसत नाही, शिवाय धबधब्यांवर गर्दी असते आणि बऱ्याच ठिकाणी बंदीचे आदेश निघतात, ते पाळायचे. उन्हाळ्यात साग, ऐन, बोंडारा सगळे पानं टाकतात, जंगल आरपार दिसायला लागतं, त्यातच पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. बहरलेला पळस म्हणजे पाखरांचं हॉटेलच, मैना, कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी, हळद्या, सगळे एकाच झाडावर भांडत असतात आणि आपण फक्त गाडी लावून काच खाली करायची. मार्चअखेर ते एप्रिल मोहाची फुलं गळतात, पहाटे झाडाखाली पिवळट पांढरा सडा पडलेला असतो आणि वास असा गोड की गाडीत बसल्या बसल्या कळतं की मोह जवळ आलाय. ती फुलं खायला भेकर येतं, रानडुक्कर येतं, आणि उजाडलं की पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन येतात. तिथे गाडी त्यांच्या झाडाखाली घुसवायची नाही, फुलं तुडवली जातात, आणि ती फुलं त्यांचं वर्षाचं उत्पन्न असतं.

रस्ता सोपा आहे. माजिवड्यावरून नाशिक हायवेला लागायचं, खारेगाव, मानकोली, रांजणोली, पडघा, वाशिंद, मग शहापूर, आणि पुढे आटगाव. रेल्वेने कसारा लाईनवर आसनगावच्या पुढचं स्टेशन आटगाव, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे. आटगावजवळ हायवे सोडून तानसाच्या रस्त्याला वळायचं. सगळं मिळून साठ-सत्तर किलोमीटर. आमण्याजवळ समृद्धी महामार्ग येऊन मिळतो, ५ जून २०२५ ला त्याचा शेवटचा टप्पा सुरू झाला, तर मॅप बघायच्या नादात चुकून त्याच्यावर चढू नका, आपल्याला जुना हायवेच धरून राहायचंय. खरी अडचण मानकोली-रांजणोलीची, तिथे सात वाजल्यानंतर कंटेनरच्या रांगा लागल्या की जंगलातली सगळी सकाळ हायवेवर जाते. म्हणून पहाटे पाचला घरातून निघायचं, म्हणजे पाचला गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पाहिजे, पाचला उठायचं नाही. साडेसहाच्या आसपास आटगावला पोचलात तर बरोबर, त्यानंतरचे तीन तास सोन्याचे.

पेट्रोल पडघ्याला किंवा शहापूरला फुल करून घ्या, हवा चेक करा, स्टेपनीत हवा आहे का तेही बघा, ते बघायचं सगळे विसरतात. मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करा, कारण आत नेटवर्क येतं-जातं. बाथरूमचं म्हणाल तर, बायकांनी आणि लहान मुलं असतील त्यांनी शहापूरच्या आसपास हायवेवरच उरकून घ्यायचं, आत सोय नाही आणि झाडीत उतरणं बरोबर नाही. खाणं घरून न्यायचं. आम्ही थालीपीठ, दही, उकडलेली रताळी आणि भरपूर पाणी नेतो, वेफर्सची पाकिटं मुद्दाम नेत नाही, एक तर त्याचा कुरकुर आवाज आणि दुसरं ते पाकीट वाऱ्याने कधी उडून जातं कळत नाही. कचऱ्याला एक कापडी पिशवी गाडीतच ठेवायची, सगळं घरी परत आणायचं, केळ्याचं सालसुद्धा.

आता आत शिरल्यावर. वनखात्याची माणसं जिथे भेटतील तिथे थांबा, नाव-गाडी नंबर विचारला तर सांगा, कुठपर्यंत जाता येईल हे त्यांनाच विचारा आणि नाही म्हणाले तर तिथूनच मागे फिरा. डांबरी सोडून आडवाटेला गाडी घालायची नाही, पाइपलाइनच्या कडेचा रस्ता आणि धरणाची भिंत मुंबई महापालिकेची आहे, तिथे परवानगीशिवाय जायचं नाही. तानसा धरण १८९२ चं, दगडी बांधकामाचं, आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला हा एक. मुलुंडला आणि पवईला ज्या जाडजूड पाइपलाइन दिसतात त्यांचं पाणी इथून निघतं. माझ्या मुलीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिने विचारलं की मग हे जंगल तोडलं तर नळाला पाणी येणार नाही का, आणि मी म्हटलं, हो, अगदी तसंच. पाणलोटातलं जंगल टिकलं म्हणून तलावात गाळ कमी येतो आणि पाणी हळूहळू झिरपत राहतं.

स्पीड पंधरा-वीस. दुसरा गिअर, पाय ब्रेकच्या जवळ, हॉर्न अजिबात नाही. एसी बंद, म्युझिक बंद, काचा अर्ध्या खाली. मागून एसटी, जीप किंवा बाइक आली की लगेच कडेला घेऊन त्यांना जाऊ द्यायचं, त्यांना शहापूरला कामावर जायचंय, हे त्यांचं रोजचं गाव आहे. अभयारण्यात माणसं राहतात, वारली, कातकरी, ठाकूर, यांचे पाडे आहेत, त्यामुळे पाड्यासमोर गाडी थांबवून घरांचे, मुलांचे फोटो काढत बसू नये.

गाडीतली कामं वाटून घ्या. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, हे मी फार कडक पाळते, कारण ड्रायव्हरने वर फांदीकडे बघितलं की चाक खड्ड्यात गेलंच. पुढच्या सीटवरच्याने डावीकडची जमीन बघायची, मागच्या डावीकडच्याने डावीकडची झाडं, मागच्या उजवीकडच्याला उजवीकडचं सगळं. आणि दिसलं की "ते बघ, ते बघ, तिकडे" असं ओरडायचं नाही, घड्याळाने सांगायचं. बॉनेट म्हणजे बारा वाजले. "दहा वाजता, मोहाच्या खालच्या फांदीवर." एवढ्याने सगळ्यांना एकदम सापडतं. मुलांना हे दोन मिनिटांत जमतं, मोठ्यांना वेळ लागतो.

थांबायचं कुठे, तर तीन जागा शोधायच्या: सुक्या ओढ्यावरचा छोटा पूल, फुललेलं झाड, आणि जिथे मोकळं गवत संपून झाडी सुरू होते ती कड. रस्त्याच्या डावीकडे पूर्ण बाजूला घ्या, वळणावर किंवा चढावर नाही, इंजिन बंद करा, हँडब्रेक लावा आणि मग वीस मिनिटं काही करू नका. पहिली पाच मिनिटं नुसतं इंजिन थंड होतानाचं टिक-टिक ऐकू येतं आणि आपल्यालाच चुळबुळ होते. मग आवाज उघडतात. तांबट टुक-टुक करत असतो, लांबून मोराचा आवाज येतो, सुकलेल्या सागाच्या पानांवर कोणीतरी चालतं. सागाचं सुकं पान पापडासारखं वाजतं, त्यामुळे साळुंकी चालली तरी वाटतं डुक्कर आलं. हळूहळू फरक कळायला लागतो, खरडल्यासारखा सलग आवाज म्हणजे कोंबडी किंवा सातभाई पानं उलटतायत, आणि एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल, परत थांबणं, असं आलं तर श्वास रोखून बसा, ते भेकर असतं. आम्ही एका सुक्या ओढ्याच्या पुलावर असेच बसलो होतो, मार्चमधली सकाळ, सव्वासात वाजलेले, आणि करवंदीच्या जाळीतून आधी फक्त एक ओलं काळं नाक आलं, मग कपाळावरच्या त्या दोन काळ्या रेघा, मग सगळं तांबूस अंग, आणि ते पुलाखालच्या उरलेल्या डबक्यापाशी आलं, पाणी प्यायलं, एक पाय वर धरून आमच्याकडे मिनिटभर बघत राहिलं. माझ्या नवऱ्याच्या हातात कॅमेरा होता पण त्याने उचललाच नाही, उचलला असता तर ते गेलंच असतं.

आवाजातला दुसरा भाग म्हणजे इशारे. वानर झाडाच्या शेंड्यावरून खॉक-खॉक असं तुटक ओरडायला लागलं आणि सगळे एकाच दिशेला बघतायत, किंवा भेकर कुत्र्यासारखं एकसारखं भुंकायला लागलं, तर खाली बिबट्या फिरतोय असं समजून काचा वर करा आणि जागचे हलू नका. आम्हाला असं तीनदा ऐकायला मिळालंय, बिबट्या एकदाही दिसला नाही, पण त्यातल्या एकदा पुढच्या वळणावर कडेच्या धुळीत ताजे ठसे मिळाले. ते ओळखायला सोपे आहेत: गोलसर, चार बोटं, मागे मोठी गादी, आणि नखांच्या खुणा नाहीत, कारण मांजरकुळातले चालताना नखं आत ओढून घेतात. कुत्र्याच्या आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात. गाडीत बसूनच बघा, उतरू नका. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगते, बिबट्या दिसला तरी घाबरण्यासारखं काही नाही, गाडीत बसून राहायचं, तो आपल्या वाटेने जातो.

आता ज्याच्यासाठी लांबलांबून लोक तानसाला येतात तो रानपिंगळा. हे घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कोणालाच दिसलं नव्हतं, सगळ्यांनी नामशेष धरलं होतं, आणि मग १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ ते परत सापडलं. त्यानंतर सातपुड्यात, मेळघाटात सापडत गेलं, आणि २०१४ मध्ये चक्क इथे तानसात. जगात फक्त भारतातच असणारा हा पक्षी आपल्या घरापासून दीड तासावर आहे, ही गोष्ट मला अजूनही नवीच वाटते. तो दिवसा जागा असतो, त्यामुळे सकाळी उन्हात निष्पर्ण झाडावर बसलेला दिसू शकतो. नेहमीचा ठिपकेवाला पिंगळा आपल्या बिल्डिंगच्या आवारातही असतो, तर फरक असा बघायचा: रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पोट खालच्या बाजूला स्वच्छ पांढरं, शेपटीवर आणि पंखावर जाड ठळक पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, आणि बसल्या बसल्या शेपटी एका बाजूला झटकतो. जंगली पिंगळा म्हणून अजून एक आहे, त्याच्या अंगभर बारीक आडवे पट्टे असतात, नव्या माणसाची त्याच्याशीच जास्त गल्लत होते.

आम्हाला चौथ्या वर्षी दिसला. बोंडाऱ्याच्या वाळक्या फांदीवर, रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, सकाळचं ऊन अंगावर घेत, आणि त्याच्या पायात अर्धा सरडा होता. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, काही लोक करतात आणि मला फार राग येतो, कारण तो बिचारा हद्द राखायला शिकार सोडून, पिल्लं सोडून येतो. आणि दिसला तर त्या झाडाचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतात.

साडेनऊ-दहा नंतर ऊन चढतं, पाखरं गप्प होतात, तेव्हा सावलीत डबा खायचा. माकडं असतील तिथे काचा बंद करूनच. त्यांना एक दाणाही द्यायचा नाही, अभयारण्यात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध तर आहेच, पण खरं कारण असं की हातातलं खायची सवय लागलेलं माकड रस्त्यावरच बसतं आणि एक दिवस गाडीखाली येतं. आम्ही असं एक पिल्लू रस्त्यात पडलेलं बघितलंय, आई त्याचा हात ओढत होती, उठ म्हणून, आणि आमच्या पुढच्या गाडीतून तेवढ्यात बिस्किटं बाहेर फेकली जात होती. त्या दिवसानंतर माझी मुलगी स्वतःच सगळ्यांना सांगते.

तलावाच्या पाण्यात उतरायचं नाही, ते पिण्याचं पाणी आहे आणि काठ फसवा असतो. सिगारेट, काडेपेटी, चूल काही नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाचोळा असा वाळलेला असतो की एका थोटकाने डोंगर पेटतो, आणि जमिनीवर घरटं करणारे पक्षी, साप, ससे सगळे त्यात जातात. वणवा दिसला, जखमी प्राणी दिसला, तर वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, नेटवर्क मिळेल तिथपर्यंत जाऊन फोन करा, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पाड्याचं नाव सांगा.

दुपारी कंटाळा येत असेल तर सरळ घरी निघा, वाईट वाटून घेऊ नका. थांबणार असाल तर चार ते सहा परत तोच रस्ता उलटा करायचा. उलट्या दिशेने उजेड वेगळ्या बाजूने पडतो, सकाळी सावलीत असलेली कड आता उन्हात येते, सकाळी न दिसलेलं सर्पगरुडाचं डोकं आता चमकतं. हरियालांचे थवे संध्याकाळी वडा-पिंपळांवर येतात, आपला राज्यपक्षी, पिवळे पाय नीट बघा.

सूर्य मावळायच्या आत डांबरी जंगलरस्ता सोडून हायवेला लागा, हे अगदी नक्की. अंधारात हेडलाइटने प्राणी आंधळे होऊन जागच्या जागी उभे राहतात. उशीर झालाच तर लाइट खाली, स्पीड वीसच्या आत, आणि एक रानडुक्कर रस्ता ओलांडून गेलं की लगेच निघू नका, मागून पिल्लं असतात, दोन मिनिटं थांबा. रस्त्यावर पडलेली दोरी किंवा फांदी वाटली तरी थांबून बघा, संध्याकाळी तापलेल्या डांबरावर साप येऊन पडतात.

परतताना शहापूरला चहा घ्या आणि तिथेच बसून दिवसाची यादी लिहून टाका, घरी आल्यावर कोणी लिहीत नाही. आमची वही मुलीकडे असते, तारीख, वेळ, कुठलं झाड, काय करत होता. १२ मार्चच्या पानावर तिने लिहिलंय: "७.१५, भेकर, पाणी प्यायलं, बाबांनी फोटो काढला नाही." आणि शेजारी कपाळावरच्या दोन रेघा काढल्यात, अगदी बरोबर.